दोष आढळला नाही

पिंगळीचे मिस्त्री गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालायचे. लग्नाला जाताना घालावा तसा धुतलेला, इस्त्री केलेला, मनगटापर्यंत बाह्या आणि गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "डाग पडला की कळतं बाई, न बगता हात घातला म्हणून." महिन्यातून एखादा दिवस डाग पडायचा. त्या दिवशी ते कुणाशी धड बोलायचे नाहीत आणि गिऱ्हाईक आलं तर उद्या या म्हणायचे.

परभणीहून गंगाखेडकडे जाताना, पिंगळीजवळ रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. बाहेर एका काळ्या फळीवर खडूने लिहिलेलं असायचं, 'घाई असेल तर पुढे जा. पुढे तीन गॅरेज आहेत.' पाऊस आला की अक्षरं पुसली जायची आणि ते तीच ओळ परत त्याच वळणदार अक्षरात लिहायचे. निम्मे लोक खरंच पुढे जायचे. राहिलेल्यांना मिस्त्री प्रश्न विचारून रडकुंडीला आणायचे.

'गाडी खराब झालीय' हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. "आख्खी गाडी कवा खराब व्हती का? एक जागा खराब व्हती. ती सांगा." 'कधीकधी' म्हटलं की संपलंच. "कधीकधी म्हंजे कवा? सकाळी का दुपारी? गाडीत किती मानसं व्हती? रस्ता चढाचा का सपाट? त्या टायमाला पंखा चालू व्हता का?" एक सोयाबीनचा व्यापारी वैतागून म्हणाला, "मिस्त्री, मी काय कोर्टात उभा हाय का?" मिस्त्री शांतपणे म्हणाले, "न्हाई. कोर्टात एवढं कोण ऐकून घेतंय?"

'बदलून बघू' ही त्यांच्या लेखी शिवी होती. पार्ट बदलून बघणारा मिस्त्री म्हणजे अंदाजाने गोळ्या देणारा डॉक्टर, असं ते म्हणायचे. एका वेळी ते एकाच गोष्टीला हात लावायचे. बोनेट उघडं असताना फोन आला तर उचलायचे नाहीत, मग तो मुलीचा का असेना.

माझी त्यांची गाठ पडली ती भीतीमुळे.

दादांची म्हणजे माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला परभणीला न्यावं लागायचं. आई आधीच गेलेली, भाऊ पुण्याला. मी राणीसावरगावात संध्याकाळच्या शिकवण्या घेत होते, दिवस मोकळा होता. दादांची वीस वर्षांची जुनी पेट्रोल गाडी होती. ती त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. आता हात थरथरायला लागल्यावर त्यांनी ती माझ्याकडे दिली, म्हणजे किल्ली दिली. विश्वास दिला नाही. गंगाखेडला जाऊन अडतिसाव्या वर्षी मी गाडी शिकले. दादा शेजारी बसायचे आणि त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत असायचा.

दोन-तीन महिने ठीक गेले. मग गाडी हिसके द्यायला लागली.

हळू चालवली तर काही नाही. पण पुढच्या वाहनाला ओलांडायचं म्हणून ॲक्सिलेटर दाबला की गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी अडायची, सुटायची, परत अडायची. तीन-चार हिसके, मग पुन्हा नीट. दादा म्हणायचे, "क्लच असा सोडत्यात का? माझ्या हातात कवा केलं न्हाई तिनं असं."

दादांना दवाखान्यात बसवलं की मला चार तास मिळायचे. त्या वेळात मी परभणीतल्या दोन गॅरेजमध्ये गाडी नेली. एकाने प्लग बदलले. दुसऱ्याने फिल्टर बदलला आणि पेट्रोलचा पंप साफ केला. दोघांनी दुपारी गाडी फिरवून पाहिली, दोघांनाही एक हिसका बसला नाही. दुसरा तर हसून म्हणाला, "मॅडम, गाडीत काही नाही. थोडा क्लच-ॲक्सिलेटरचा मेळ जमवा, बस."

मी घरी येऊन दादांना ते सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मलाच माझा भरवसा वाटेना. सोमवारी आणि गुरुवारी अन्न गोड लागायचं नाही. रस्त्यात ओलांडायच्या जागा मी मनातल्या मनात मोजून ठेवलेल्या. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे वीस वीस मिनिटं रांगत जायचे, पण ओलांडायला धजायचे नाही. दादा घड्याळ बघायचे. दहाला यंत्रावर बसलं नाही तर तो नंबर पुढच्या पेशंटला जायचा आणि दादांना परत दोन दिवस अंगात पाणी घेऊन बसावं लागायचं. त्यांना रात्री आडवं होता यायचं नाही. उशीला टेकून श्वास ओढत बसलेले दादा पाहिले की वाटायचं, उद्या जीव गेला तरी ट्रॅक्टर ओलांडायचा.

एका मंगळवारी ओलांडला. पिंगळीच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर होता, समोर रस्ता मोकळा दिसत होता. मी बाहेर काढली, ॲक्सिलेटर दाबला. पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि गाडीने हिसका दिला. परत दिला. समोरून ट्रक दिसला. पुढे जाता येईना आणि मागे यायला दुसरी ट्रॉली आडवी. दादा ओरडले, "सोड! सोड पाय!" मी पाय काढला, ब्रेक मारला, ट्रॉलीच्या मागच्या चाकाशेजारून गाडी कशीबशी आत घेतली. ट्रकवाला हॉर्न वाजवत गेला तो कितीतरी वेळ ऐकू येत होता. उसाची दोन-चार टिपरं आमच्या बोनेटवर पडली होती.

मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली.  दादा पुढे बघत बसलेले, छाती खालीवर होत होती. "मारशील एक दिवस," ते म्हणाले. रागाने नाही म्हणाले, तेच जास्त लागलं.

जिथे थांबलो होतो त्याच्यासमोर ते शेड होतं. पांढऱ्या शर्टातला साठी ओलांडलेला माणूस रस्ता ओलांडून आला, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "आत्ता हिसका दिला ना? म्या बगितलं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. 'बघितलं' असं म्हणणारा तो पहिला माणूस होता.

"माझं चुकलं असंल," मी म्हणाले. "क्लच..."

"तुमचं चुकलं का गाडीचं, ते मंग बगू. किती लांबून आलात?"

"राणीसावरगावहून. आम्हाला दहाला दवाखान्यात पोचायचंय, आत्ता थांबता येणार नाही."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, बोनेटवर तळहात ठेवून पाहिला, आणि शेडकडे जाऊन दाराला कुलूप लावून परत आले. हातात एक कापडी पिशवी. मागचं दार उघडून आत बसले, बरोबर मधोमध, दोन्ही हात आमच्या दोघांच्या सीटवर. "चला," म्हणाले. "गाडी गरम हाय तवरच बगायला पायजे. तुमी चालवा. मी न्हाई चालवत."

पिंगळी ते परभणी त्या माणसाने डोळे मिटून प्रवास केला. मधूनच एक प्रश्न यायचा. "सकाळी गावातून निगताना देती का हिसका?" मी विचार करून म्हणाले, नाही. "मंग कुठून सुरू व्हतं?" गंगाखेडच्या पुढे. "परभणीतल्या मिस्त्रीनं गाडी कवा फिरवून बगितली?" दुपारी. "तवर गाडी किती येळ उभी व्हती?" दोन-तीन तास. ते हूं म्हणाले. मग मागून म्हणाले, "आता दाबा. जोरात." माझा पाय दबेना. "दाबा बाई. रस्ता मोकळा हाय, म्या डोळे उगडले बगा." मी दाबला. गाडीने हिसका दिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो हिसका बसल्याचं मला बरं वाटलं.

"रिवर्सला देती का?" त्यांनी विचारलं.

रिव्हर्सला देते का हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

दादांना वेळेत आत नेलं, यंत्रावर बसवलं आणि मी पळत बाहेर आले. मिस्त्री दवाखान्याच्या आवारात कडुलिंबाखाली गाडीपाशीच उभे होते. मला आत बसवलं, गाडी मागे घ्यायला लावली. जोर दिला तरी मागे जाताना एक हिसका नाही. पुढे घेतली की हिसका. तेव्हा कुठे त्यांनी बोनेट उघडलं. हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर पाय ठेवायला लावला, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी जरासा सोडायला लावला, आणि स्वतः बाजूला उभे राहून टॉर्च मारत बघत राहिले. "आता रिवर्स. आता परत पैला." असं सात-आठ वेळा झालं. मग टॉर्च बंद करून म्हणाले, "या, उतरा. तुमीच बगा."

इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेलं असतं, त्यांना मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. त्यातला एक पाय फाटलेला होता. त्यामुळे गाडीला पुढे जोर दिला की अख्खं इंजिन मागे कलंडायचं. आणि इंजिनला हवा नेणारा जो जाड रबरी पाईप होता, त्याला खालच्या बाजूने बोटभर भेग गेलेली. इंजिन मागे कललं की भेग उघडायची, नको तिथून हवा आत जायची. रिव्हर्सला इंजिन पुढे कलायचं, भेग मिटायची.

"आणि थंड असताना?" मी विचारलं.

"थंड रबर ताठ असतंय, भेग बंद ऱ्हाती. तीस-चाळीस किलोमीटर पळाली की मऊ पडतं. तुमी ज्या मिस्त्र्यांकडं गेलात, त्यांच्या हातात गाडी थंड गेली. तुमच्या हातात गरम व्हती. तुमी बी खरं सांगत व्हता आणि ते बी." टॉर्च पिशवीत टाकत ते म्हणाले, "फकत त्यांनी तुमाला इचारलं न्हाई."

पिशवीतून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून त्यांनी त्या भेगेवर घट्ट गुंडाळली. गाडी गरम असतानाच परत पुढे घ्यायला लावली, हिसका नाही. ही पट्टी खातरीपुरती, म्हणाले. पाईप आणि फाउंडेशन मागवून बसवू.

दुपारी दादांना घेऊन निघालो. डायलिसिसनंतर ते गळून जायचे, डोळे मिटून पडायचे. मिस्त्री मागे मधोमध. परभणी सोडल्यावर ते पुढे झुकून दादांना म्हणाले, "मालक, एक सांगायचंय. बाईचा पाय बरोबर हाय. पयल्यापासून बरोबर व्हता. गाडीत दोष व्हता, तो म्या डोळ्यांनी बगितला."

 दादा खिडकीबाहेर कापसाची रानं बघत राहिले. पुढे एक कडब्याची गाडी डुलत चालली होती. मी सवयीने तिच्यामागे वेग कमी केला. दादांनी समोर लांबवर पाहिलं आणि म्हणाले, "मोकळं हाय. काढ."

मी काढली. हिसका बसला नाही. आरशात पाहिलं तर मिस्त्री माझ्याकडे नाही, दादांच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

त्यानंतर महिनाभर मी येता-जाता त्यांच्याकडे थांबायचे. नवा पाईप बसला, फाउंडेशन बसलं. एका शुक्रवारी दादा गाडीत झोपलेले असताना मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, रविवारी जिंतूरला याल का? एक मानूस बगायचाय."

"तुम्ही एसटीने का जात नाही?"

"दोनदा बसलो एसटीत. दोन्ही डाव परभणीला उतरून परत आलो. तुमी असलात तर म्या उतरणार न्हाई."

रविवारी गेलो. शर्ट नेहमीसारखाच पांढरा, पण बटण चुकीच्या काजात लावलेलं.  परभणी सुटल्यावर ते मागच्या सीटवरून, तसेच डोळे मिटून, सांगायला लागले.

पूर्वी ते एका कारखान्याच्या वर्कशॉपला हेडमिस्त्री होते. कामगारांची ने-आण करणारी एक बस होती. तिचा ड्रायव्हर तक्रार करायचा की भरलेली बस चढाला दम टाकते, पुढे जायला तयार नसते. मिस्त्रींनी तीनदा बस तपासली, रिकामी, सपाट रस्त्यावर. तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, बसमध्ये दोष आहे का ड्रायव्हरमध्ये? मिस्त्रींनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दोष आढळला नाही', आणि खाली सही केली.

"मला सापडला न्हाई, असं लिवायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "पर हेडमिस्त्री व्हतो ना. लाज वाटली."

ड्रायव्हर कामचुकार ठरला. त्याला बसवरून काढून गेटवर बसवलं. येणारे-जाणारे कामगार त्याच्यापुढे मुद्दाम धापा टाकून दाखवायचे. महिन्याभरात तो नोकरी सोडून जिंतूरला घरी गेला. आणि त्यानंतर काही दिवसांनी मिस्त्रींना दोष सापडला. डिझेलचा रबरी पाईप बाहेरून नव्यासारखा, पण आतला पापुद्रा सुटलेला. चढाला इंजिन जास्त डिझेल ओढायचं, पापुद्रा चिकटून वाट बंद व्हायची.

"मग तुम्ही सांगितलं का साहेबांना?"

"पाईप बदलला. जुना भंगारात टाकला. कुणाला काय बी सांगितलं न्हाई."

मी आरशात पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नव्हते. "तुमच्या वडलांना म्या सांगत व्हतो ना, बाईचा पाय बरोबर हाय म्हणून, तवा माझंच मला ऐकू यायलं. जे त्या मानसाच्या घरी जाऊन सांगायचं, ते दुसऱ्याच्या घरात सांगायलोय."

जिंतूर जवळ आलं तसे ते पाणी प्यायला म्हणून दोनदा उतरले. दुसऱ्यांदा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. इतकी वर्सं झाली, आता त्याला तरी काय करायचंय? जखम उकरल्यासारखं व्हईल. फिरवा गाडी."  मलाही वाटलं, आपण कुठे घेऊन चाललोय या माणसाला? त्या ड्रायव्हरने अंगावर धावून जायचं ठरवलं तर? मी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "मिस्त्री, बसा." दुसरं काही सुचलं नाही.

विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, अंगणात पाच-सहा शेळ्या. एक म्हातारा माणूस बाजेवर बसून शेळ्यांपुढे पाला टाकत होता. त्याची बायको थोड्या अंतरावर सुपात तूर पाखडत होती. म्हाताऱ्याने वर पाहिलं. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. हातातला पाला तसाच राहिला.

"मिस्त्री," तो म्हणाला. 'या' म्हणाला नाही.

मिस्त्री अंगणाच्या कडेला उभे राहिले. मला वाटलं, आता हे वळतील आणि गाडीत जाऊन बसतील. एक शेळी येऊन त्यांच्या शर्टाची कड हुंगायला लागली, तिलाही त्यांनी हाकललं नाही. मग बोलले, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. "डायवर, बसमदी दोष व्हता. तुमी गेल्यावर मला घावला. डिझेलचा पाईप व्हता. तुमी खरं सांगत व्हता. म्या खोटं लिवलं, आणि मंग दाबून ठिवलं."

म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. राग नव्हता, निदान मला दिसला नाही.  त्याने पाला खाली ठेवला, हात धोतराला पुसले.

"परत सांगा," तो म्हणाला.

मिस्त्रींनी परत सांगितलं.

"असं न्हाई. मोठ्यानं सांगा. तिला ऐकू येत न्हाई."

त्याने बायकोकडे बोट केलं. ती सूप हातात धरून आमच्याकडे बघत होती, कोण माणसं आली आणि काय बोलतायत ते न कळून. मिस्त्री अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांनी मोठ्याने सांगितलं. तिने कान पुढे केला. तेव्हा ते ओरडले. शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या, रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला, आणि पांढऱ्या शर्टातले मिस्त्री धुळीत बसून ओरडून सांगत होते, "वैनी, गाडीत दोष व्हता! डायवर खरं बोलत व्हते! खोटा म्या व्हतो!"

तिने सूप खाली ठेवलं. मिस्त्रींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. ती बाजेवरच्या नवऱ्याकडे बघत राहिली, आणि मग, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं जरा जास्तच मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग तुमी खरं सांगत व्हता व्हय?"

"सांगतच व्हतो की मी," म्हातारा म्हणाला, आणि डोक्याचा रुमाल सोडून त्याने त्यात तोंड लपवलं.